किल्लारी ते इतवारी : मुलांच्या मनाची उभारी

३० सप्टेंबर १९९३. गणेशविसर्जन आटोपून लातूर-उस्मानाबादकडील गावे गाढ झोपेत असताना पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसर भूकंपाने हादरला. सुमारे १०,००० माणसे दगडमातीच्या घरांखाली दगावली. देशभरातून धान्य, कपडे, तंबू यांचा ओघ सुरू झाला. पुण्याचे श्री. शांतिलालजी मुथ्था आणि त्यांची भारतीय जैन संघटना यांनी मात्र आपले लक्ष मुलांच्या शाळेकडे वळविले. भूकंपग्रस्त भागातील सुमारे १२०० मुले पुण्यास आणून त्यांच्या निवासाची व शिक्षणाची जबाबदारी संघटनेने स्वीकारली. वाघोलीचे शैक्षणिक पुनर्वसन संकुल हे त्याच कार्याचे फलित. पुढे २००१ च्या कच्छ भूकंपानंतर याच संघटनेने गुजरातेत ३६८ शाळा उभारून दिल्या.

घरच उरले नाही तेथे शाळेची एवढी घाई कशासाठी, असे कोणासही वाटेल. परंतु संकटात मुलाचे सर्वांत मोठे नुकसान होते ते त्याच्या दिवसाचे. सकाळी उठल्यावर काय करायचे, कोणाजवळ बसायचे, सायंकाळी कोण घरी येणार, या साध्या गोष्टींवर बालमन उभे असते. घंटा, हजेरी, पाटी, डबा, मैदान यांमुळे त्या दिवसाला पुन्हा आकार येतो. आज मात्र अशा मुलांना शक्यतो आपल्या नातलगांतच ठेवावे, असा विचार प्रबळ आहे. २०१५ च्या बालन्याय कायद्यानेही संस्थेतील निवास हा शेवटचा उपाय मानला आहे. तो विचार योग्यच आहे. तरीही दिनक्रम लवकरात लवकर सुरू करावा, हा किल्लारीचा धडा त्यामुळे कमी होत नाही.

भूकंप रोज होत नाहीत. परंतु २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचे पाणी वस्त्यांत शिरले आणि नागपुरातील कित्येक घरांनी व दुकानांनी आपला संसार चिखलात पाहिला. त्या घरांतील मुलांनीही तो पाहिला. याखेरीज घरोघरीच्या लहान आपत्ती आहेतच. गांधीबागेतील कापडाची उधारी बुडते, कळमन्यातील धान्याचा सौदा अंगावर येतो, इतवारीतील पेढीवर भावाभावांत वाटणी होते, आजोबा अकस्मात जातात, बारावीचा निकाल घात करतो.

अशा वेळी व्यापारी कुटुंबांत एक सूचना हमखास दिली जाते : मुलांना काही कळू देऊ नका. हेतू निर्मळ असतो, परिणाम उलटा होतो. खोलीत मूल येताच मोठ्यांचे बोलणे मध्येच थांबते, आई डोळे पुसते, वडील जेवत नाहीत. मूल हे सर्व टिपते आणि कारण कोणी सांगत नसल्यामुळे स्वतःच रचते. सहा-सात वर्षांचे मूल बहुधा स्वतःलाच दोष देते. आपण हट्ट केला म्हणून पप्पा रागावले, आपण ऐकले नाही म्हणून दादाजी गेले, असे त्याला खरोखर वाटते. त्याऐवजी वयाला झेपेल एवढे सत्य सांगावे. ‘दुकानात नुकसान झाले आहे. यंदा सुटीत बाहेरगावी जाता येणार नाही. तुझी शाळा हीच राहील. यात तुझी काही चूक नाही.’ एवढी चार वाक्ये पुरतात. मृत्यूच्या बाबतीत तर ‘गावाला गेले’ हे सांगणे टाळलेच पाहिजे. कारण गावाला गेलेला माणूस परत येतो, आणि मूल वाट पाहत राहते.

याउलट दुसरी चूक उठावण्याच्या दिवशी घडते. तेरा वर्षांच्या मुलाच्या पाठीवर हात ठेवून कोणी वडीलधारे सांगतात, ‘आता तूच घरचा कर्ता.’ त्या मुलाला अजून रडायचे असते. त्याला काम अवश्य द्यावे. आजींना औषध देणे, भिजलेल्या वह्या उन्हात मांडणे, धाकटीला पाठशाळेत पोचविणे. उपयोगी पडण्याने धीर येतो. पण पेढीचे ओझे आणि आईच्या अश्रूंची जबाबदारी हे त्याचे काम नव्हे.

धर्माचा आधारही जपून द्यावा लागतो. रडणाऱ्या मुलाला ‘हे पूर्वकर्माचे फळ’ असे ऐकविणारे कमी नाहीत. कर्मसिद्धान्त आत्मपरीक्षणासाठी आहे, दुसऱ्याच्या दुःखाचा निवाडा करण्यासाठी नव्हे. लहान मुलाच्या कानी तो केवळ शिक्षा म्हणून पडतो. बारा भावनांतील अनित्य भावना फार मोलाची आहे, परंतु तिचे चिंतन डोळे कोरडे झाल्यावर. त्यापेक्षा आपल्या आचारातच जे दडले आहे ते हाती घ्यावे. सूर्यास्तापूर्वी भोजन करणाऱ्या घरात दिवसातील एक वेळ ठरलेली असते, सर्वजण एकत्र बसू शकतात. दुकानाच्या वेळेमुळे ही रीत कित्येक घरांत आता आजी-आजोबांपुरती उरली आहे. संकटाच्या काळात निदान महिनाभर ती पाळून पाहावी. प्रतिक्रमणाला आजोबांशेजारी गुपचूप बसणारा नातू काही समजो न समजो, तेवढा वेळ कोणाचे तरी आसन त्याच्या आसनाला लागून असते.

हे शेजारचे आसन क्षुल्लक समजू नये. हवाई बेटांपैकी कौआई येथे १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक दशके मागोवा घेतला. गरिबी, कलह, आजारपण अशा अनेक अडचणींत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले सक्षम व आत्मविश्वासू निघाली. त्यांच्या आयुष्यात आढळलेली एक महत्त्वाची गोष्ट म्हणजे मायेने व सातत्याने पाठीशी राहिलेले किमान एक मोठे माणूस. ते आई-वडीलच असतील असे नाही. आजी, मावशी, शिक्षकही चालतात. आपल्या एकत्र कुटुंबांत अशी माणसे वानवा पडावी इतकी कमी नाहीत. फक्त कोणी एकाने ते काम आपले मानावे लागते, नाहीतर दहा जण असूनही मूल एकटे राहते.

बहुतेक मुले काही आठवड्यांत सावरतात. मध्येच एखाद्या जोराच्या पावसात किंवा पुण्यतिथीच्या सुमारास पुन्हा बिचकतात, हेही स्वाभाविक आहे. मात्र महिना उलटूनही झोप लागत नसेल, मोठे मूल अंथरूण ओले करू लागले असेल, शाळेचे नाव काढताच पोटात दुखत असेल, तर तज्ज्ञांकडे जावे. जगण्यात अर्थ नाही अशी भाषा कानी आल्यास त्याच दिवशी जावे. नागपुरात मेडिकलच्या मानसोपचार विभागात ही सोय आहे. शासनाच्या ‘टेलिमानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक निःशुल्क असून तेथे मराठीतही बोलता येते. लग्नाच्या बाजारात मुलीचे नाव खराब होईल या भीतीने कोणी थांबत असेल, तर फोनवर नाव सांगण्याचीही सक्ती नसते.