बिबट्या, शेकरू आणि ‘असुरक्षित’ ही संज्ञा

जुन्नर व आंबेगाव ह्या लगतच्या तालुक्यांत दोन वन्य प्राणी विशेष परिचित आहेत : नारायणगावच्या ऊसपट्ट्यातील बिबट्या आणि भीमाशंकरच्या अरण्यातील शेकरू. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या तांबड्या सूचीत बिबट्या २०१६ पासून ‘असुरक्षित’ ह्या वर्गात आहे, तर शेकरू ‘किमान चिंता’ ह्या वर्गात. नुसत्या संज्ञा वाचणाऱ्याचा असा ग्रह होईल की, येथे बिबट्या विरळ होत असावा आणि शेकरूस कसलेच भय नसावे. वस्तुस्थिती इतकी सरळ नाही.

कुकडी प्रकल्पाच्या येडगाव, माणिकडोह, डिंभे आदी धरणांमुळे ह्या भागात ऊस वाढला. उंच, दाट उसात बिबट्यास आडोसा मिळतो. वस्त्यांवरील कुत्री व शेळ्या हे त्याचे भक्ष्य होते. मादी उसातच विते, म्हणून तोडणीच्या वेळी पिले सापडतात. पकडलेले बिबटे दूरच्या जंगलांत सोडण्याचा उपाय २००१ पासून योजिला गेला. परंतु विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार, त्यानंतर माणसांवरील हल्ल्यांची वार्षिक सरासरी ४ वरून १७ वर गेली.

शेकरूचे जीवन ह्याच्या अगदी उलट होय. ते वृक्षवासी आहे. जमिनीवर क्वचितच उतरते आणि एकाच हद्दीत अनेक घरटी बांधते. फांदीस फांदी भिडलेली असणे ही त्याच्या संचाराची अट आहे. १९८५ साली घोषित झालेल्या भीमाशंकर अभयारण्यात व तेथील देवरायांत ती अट पुरी होते. उसाच्या शेतात ती कधीही पुरी होणार नाही. बिबट्या बदललेल्या भूमीशी जुळवून घेतो. शेकरूस ते साधत नाही.

तर मग सूची चुकीची ठरते काय? तसे नाही. सूचीतील वर्ग हा समग्र जातीस, तिच्या सर्व प्रदेशांतील स्थितीस उद्देशून असतो. एखाद्या तालुक्यास नव्हे. आफ्रिका व आशियातील फार मोठ्या प्रदेशातून बिबट्या नाहीसा झाला आहे. घोटाळा होतो तो शब्दामुळे. व्यवहारात ‘असुरक्षित’ म्हणजे ज्याच्या जिवास धोका आहे असा. रात्री उसाला दारे धरणारा शेतकरी हा शब्द स्वतःस लावतो, आणि त्याचा तो प्रयोग यथार्थच असतो. परिभाषेत मात्र त्याचा अर्थ जातीच्या नामशेष होण्याची शक्यता एवढाच आहे. हे दोन अर्थ वेगळे न राखल्यास संरक्षणाचा नियम शेतकऱ्यास आपल्या भयाचा उपहास वाटू लागतो, आणि ‘किमान चिंता’ हे शब्द वृक्षतोडीस अनुमती देत असल्याचा भास होतो.