‘आपला आमदार’ : भाग ७
निवडून गेल्यावर माणूस तिथं करतो काय?

मागच्या भागात मतदारसंघांची फेररचना पाहिली. आपल्या परभणी जिल्ह्यातला सिंगणापूर मतदारसंघ २००९च्या निवडणुकीपासून कसा उरला नाही, आणि जिंतूर, परभणी, गंगाखेड, पाथरी हे चार कसे राहिले, तिथपर्यंत आलो होतो. तो भाग वाचून झरीच्या पारावर एका वयस्कर शेतकऱ्यानं मला गाठलं. म्हणाले, "रेघा कुठं ओढल्या ते कळलं बाप्पा. पर निवडून गेल्यावर ते मानूस तिथं दिवसभर करतंय काय, ते सांग की."

प्रश्न रास्त आहे. आमदार आपल्याला दिसतो तो लग्नात, मौतीला, सप्त्याच्या काल्याला आणि सभामंडपाच्या कोनशिलेवर. मुंबईत तो काय बोलला, हे गावात कुणी विचारत नाही. म्हणून आज एकाच माणसाची गोष्ट सांगतो. तो आपल्याकडचा नव्हे, सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याचा : गणपतराव देशमुख.

जन्म १९२६चा, मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचा. शिक्षणानं वकील, पक्ष शेतकरी कामगार पक्ष, म्हणजे शेकाप. १९६२ला पहिल्यांदा विधानसभेत गेले. १९७२ला पडले, १९७४च्या पोटनिवडणुकीत पुन्हा आले. १९९५ला अवघ्या १९२ मतांनी हरले. चार वर्षांनी लोकांनी त्यांना परत पाठवलं आणि २०१४ला ते अकराव्यांदा निवडून आले. मतदारसंघ एक, पक्ष एक. या सगळ्या काळात मंत्रिपद दोनदाच मिळालं, १९७८ला आणि १९९९ला. म्हणजे बहुतेक आयुष्य विरोधी बाकांवर गेलं.

आपल्या परभणीशी ताडून बघा. इथं १९९०पासून धनुष्यबाण आणि पुढं मशाल, शिवसेनेचाच आमदार येत राहिला. बोबडे, रेंगे, जाधव, पाटील अशी माणसं बदलली. त्याच्याही आधी इथं शेकापचा लाल बावटा होता. १९७७च्या लोकसभेला परभणीतून शेषराव देशमुख, नांदेडमधून केशवराव धोंडगे, लातूरमधून उद्धवराव पाटील असे एकट्या मराठवाड्यातून शेकापचे तीन खासदार गेले होते. पुढं हा पक्ष इथून ओसरला. सांगोल्यात तो टिकला, आणि माझ्या मते त्याचं मोठं कारण विरोधात बसूनही काम करून घेता येतं हे त्या तालुक्यानं डोळ्यांनी पाहिलं, हे आहे.

विरोधी आमदाराच्या हातात असतं काय? सभागृहाची आयुधं. तारांकित प्रश्न दिला की मंत्र्याला उभं राहून तोंडी उत्तर द्यावं लागतं, आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. लक्षवेधी सूचना लागली की मंत्र्याला निवेदन करावं लागतं. उत्तरात मंत्री "तीन महिन्यांत काम पूर्ण करू" असं बोलून गेला, तर ते वाक्य हवेत जात नाही. विधिमंडळाची आश्वासन समिती ते नोंदवून घेते आणि खात्याच्या मागं लागते. खात्याच्या मागणीवर कपात सूचना देऊन पैसा कुठं जातो ते विचारता येतं. गणपतराव ही आयुधं जाणत होते. नियम पाठ असलेला म्हातारा बोलायला उठला की सत्ताधारी बाकंही कान देत.

आता आपल्या मनातला हिशेब. आमदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला पाच कोटी मिळतात, आणि आपण सगळे त्या पाच कोटींतला रस्ता मागतो. पण त्याच सभागृहात २०२४-२५ला राज्याचा सहा लाख कोटींच्या वरचा अर्थसंकल्प मंजूर झाला. त्या पैशावर आपला माणूस काय बोलला, हा प्रश्न पाच कोटींच्या रस्त्यापेक्षा कितीतरी मोठा आहे.

सभागृहातलं काम किती दूर पोचतं, त्याचा एक दाखला बहात्तरच्या दुष्काळानंतरचा. जुनी माणसं ‘बहात्तर’ म्हटलं की अजून गप्प होतात. खडी फोडली, सुकडी खाल्ली, मिलोच्या भाकरी गिळल्या. त्या दुष्काळी कामांतून विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या विचारानं रोजगार हमी उभी राहिली. १९७७ला कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून लागू झाला. काम मागितल्यावर पंधरा दिवसांत द्यायचं, नाहीतर बेकारी भत्ता. मागणारा मजूर त्या दिवसापासून याचक राहिला नाही, हक्कदार झाला. देशाला असा कायदा मिळायला २००५ साल उजाडलं. कोनशिला कुठं बसवायची या कायद्याची? तो गावोगावच्या बांधबंदिस्तीत आणि पाझर तलावांत आहे.

पाण्याचंही तसंच. सांगोला कायमचा दुष्काळी. १९९३पासून आटपाडीला स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींबरोबर तेरा दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद भरत गेली, तिच्यात गणपतराव होते. बाहेर परिषद आणि आत सभागृह, अशा दोन्हीकडून टेंभू-म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांच्या पाण्यासाठी रेटा लावला गेला. जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या टेलला पाण्याच्या पाळीची वाट बघणाऱ्या आपल्या जिल्ह्याला यातलं मर्म वेगळं सांगायला नको.

आणि सूतगिरणी! कापूस फारसा पिकत नाही त्या तालुक्यात त्यांनी सहकारी सूतगिरणी उभी करून चालवली. पांढरं सोनं पिकवणाऱ्या आपल्या काळ्या रानातून हे बघताना मला हेवा वाटतो, आणि वाईटही.

आमदार असतानाही ते एसटीनं फिरायचे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे की ते अधिवेशनाला बसायचे.

२०१९ला वयोमानानं ते थांबले. नातू अनिकेत ७६८ मतांनी पडले. ३० जुलै २०२१ला गणपतराव गेले, वय ९४. २०२४ला दुसरे नातू, बाबासाहेब, शेकापकडूनच निवडून आले.

विधानसभेचं कामकाज छापलं जातं, प्रश्नोत्तरांसह. पारावरच्या त्या काकांना मी ते कसं वाचायचं हे दाखवायचं कबूल केलं आहे. पुढच्या भागात तेच : तारांकित प्रश्नाची यादी हातात घेऊन, ओळीनं.