पायांस साजेल असा जोडा

हैद्राबादच्या हिमायतनगराजवळ हुसेनसागर आहे. त्या तलावाकाठी पहाटे धावणारी मंडळी पाहिली की आम्हांस आपली गावची माणसे आठवतात. तीही दिवसभर चालतात. पण जोडा घेताना केवळ किंमत पाहतात.

वाचकहो, जोडा सायंकाळी घ्यावा, कारण दिवसभराच्या श्रमाने पाऊल किंचित फुगते. दोन्ही पावले मापून मोठ्याचे माप धरावे. अंगठ्यापुढे बोटभर जागा असावी, टाच मात्र सैल नसावी. जोडा मधोमध न वाकता बोटांपाशी वाकावा.

घरी मधुमेही असल्यास विशेष जपावे. त्याचे पाऊल बधिर झाले असेल, तर जोड्याने आलेला फोड त्यास कळतही नाही. आणि दुर्लक्षित जखमेपायी पाय गमावण्याची पाळी येते. त्याची पावले घरातील कोणीतरी रोज रात्री पाहावीत.