लोहाची गोळी आणि अँटिबायोटिक: तासांचा हिशेब

पावसाळ्यात कामवारी नदी फुगली की भिवंडीत तीनबत्ती परिसरात पाणी भरतं. त्या पाण्यातून चालत यंत्रमागाच्या पाळीला गेलेल्यांना लेप्टोचा धोका असतो, म्हणून डॉक्टर डॉक्सिसायक्लिन देतात. घरात लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी आधीपासून चालू असली, तर दोन्ही एकाच घोटाबरोबर गिळल्या जातात. घोळ तिथेच होतो.

लोह, कॅल्शियम, मॅग्नेशियम, अ‍ॅल्युमिनियम, जस्त यांच्या आयनांवर दोन किंवा तीन धनभार असतात. डॉक्सिसायक्लिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिनच्या रेणूंत ऑक्सिजनचे अणू असे जवळजवळ बसलेले असतात, की धातू समोर आला की ते त्याला दोन्हीकडून धरतात. तयार झालेलं संयुग आतड्याच्या अस्तरातून रक्तात नीट शिरत नाही, शौचावाटे निघून जातं. मग ताप हटत नाही आणि दोष डॉक्टरांना लागतो.

उपाय म्हणजे अंतर. सिप्रोफ्लॉक्सासिन धातूच्या गोळीआधी दोन तास किंवा नंतर सहा तासांनी घ्यावं. हा हिशेब असा वाकडा का? आधी घेतलेलं औषध दोन तासांत बरंचसं रक्तात पोचतं. धातू मात्र आतड्यात बराच वेळ रेंगाळतो.

डॉक्सिसायक्लिनची गोष्ट जरा चिवट आहे. रक्तात गेलेला त्याचा काही भाग पुन्हा आतड्यात उतरतो आणि तिथलं लोह त्याला अडकवतं. शिरेतून दिलेलं डॉक्सिसायक्लिनसुद्धा तोंडाने घेतलेल्या लोहामुळे लवकर घटतं, हे 1970 च्या दशकात फिनलंडमधल्या संशोधकांनी दाखवलं. म्हणूनच कोर्स आठवड्याचाच असेल, तर तेवढे दिवस लोह थांबवायचं का, हे डॉक्टरांना विचारणं शहाणपणाचं.

सगळीच अँटिबायोटिक्स अशी नाहीत. अमॉक्सिसिलिनला लोहाचा त्रास नाही. ओआरएसमधले सोडियम-पोटॅशियम एकाच धनभाराचे, तेही निरुपद्रवी. जुलाबात मुलांना देतात ती जस्ताची गोळी मात्र धातूच. माझ्या मते सर्वांत फसवं ते गॅसचं पातळ औषध. अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियमचं ते पांढरं-गुलाबी पाणी कुणी औषधात धरतच नाही, आणि सिप्रोफ्लॉक्सासिनचा घात तेच जास्त करतं. सिप्रोफ्लॉक्सासिन नुसत्या दुधा-दह्याबरोबरही घेऊ नये.

तेव्हा डॉक्टरांनी किंवा मेडिकलवाल्याने ‘आणखी काय चालू आहे?’ विचारलं, तर ताकदीच्या गोळ्या आणि गॅसची बाटलीही सांगा. त्यांनी विचारलं नाही, तरी सांगा.