थंडी खाली, ऊब वर

डिसेंबरात पहाटे पुण्यातली वेताळ टेकडी चढायला लागलं की पायथ्याशी स्वेटर-कानटोपीतही हुडहुडी भरते. माथ्यावर वेताळबाबाच्या देवळापाशी पोहोचेपर्यंत कानटोपी खिशात गेलेली असते. चढून अंग तापलं, असं आपण म्हणतो. पण पाच मिनिटं स्वस्थ बसून पाहा. घाम वाळतो, तरी खालची बोचरी थंडी काही परत येत नाही. हवाच इथे उबदार असते!

खरं तर उलट व्हायला हवं. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर, माथा सुमारे ८०० मीटरवर. उंच जावं तशी हवा किलोमीटरमागे साधारण साडेसहा अंशांनी गार होते. त्या हिशेबाने वर दीड अंश जास्तच थंडी हवी. पण निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन आपली उष्णता आकाशात सोडून देते आणि तिला टेकलेली हवाही गारठते. गार हवा जड. ती उतारांवरून पाण्यासारखी ओघळते, मुळा-मुठेच्या सखल भागात साचते आणि तिच्यावर उबदार हवेचं झाकण बसतं.

आता पूर्वेकडे बघा. शहरावर धुराचा करडा पट्टा, वरून पट्टीने आखल्यासारखा सपाट. कुठल्याशा शेकोटीचा धूर सरळ वर चढतो, एका उंचीवर अडतो आणि आडवा पसरतो. हवेचा थर असा उघड्या डोळ्यांनी दिसावा, याचं मला दर हिवाळ्यात नव्याने नवल वाटतं.

आपण बसलोय तो काळा कातळही थरच, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. हात फिरवला की बोटांना बारीक खड्डे लागतात. लाव्हारसात अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांच्या त्या जागा. एखाद्या खड्ड्यात पांढरी गारगोटी चमकते. हा थर एवढा टिकला. समोरचा मात्र काही तासांचाच.

ऊन तापलं की जमिनीलगतची हवा हलकी होऊन वर उसळते, झाकण मोडतं, धूर विरतो. तोवर तो सगळा खालच्या माणसांच्या नाकातोंडात जात असतो. म्हणून दम्याचा त्रास असणाऱ्यांनी हिवाळ्यात भल्या पहाटे नदीकाठी फिरायला जाऊ नये. ऊन चांगलं वर आल्यावरच निघावं.