एम-वनमधला लाइब्निझ आणि आजीचा प्रश्न

आधीच सांगून टाकते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका रूममेटने काढल्यात, तरी उरल्या असतील तर त्या माझ्या. मराठी विभागासाठी "काहीतरी दे गं" म्हणून सगळे मागे लागले तेव्हा मी दोन पीजे आणि एक चारोळी देऊन सुटणार होते. पण एम-वनने घोळ केला.

माझा एम-वन दुसऱ्या अटेम्प्टला सुटला (हसू नका, हॉस्टेलमध्ये मी एकटी नाहीये). पीएलमध्ये लाइब्निझ थिअरम घोकून कंटाळा आला, म्हणून हा बाबा होता तरी कोण ते शोधलं. जर्मन माणूस, १६४६ ते १७१६. डीवाय बाय डीएक्स ही खूण त्याचीच, १६८४ साली छापलेली. आणि याच माणसाने १७१० साली एक जाडजूड पुस्तक लिहिलं, 'थिओडिसी'. विषय काय? तर देव चांगला आहे आणि सर्वशक्तिमानही आहे, मग जगात एवढं वाईट का?

हा प्रश्न मी आधी ऐकला होता, माझ्या आजीच्या तोंडून.

आजी लातूर जिल्ह्यातली, किल्लारीपासून जवळच्या एका गावातली. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. गणपती विसर्जन करून लोक दमून झोपले होते आणि चारच्या सुमारास भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत सुमारे १०,००० माणसं गेली. माझी आई बारा वर्षांची होती, अंगणात झोपली होती म्हणून वाचली. तिची धाकटी बहीण घरात होती. वय पाच. आजी आजही म्हणते, "पाच वर्साच्या लेकरानं काय पाप केलतं, सांग की. तू तर इंजिनेर हायस."

मी सिव्हिलला आहे, म्हणजे पाच टक्के इंजिनिअर. पण प्रश्न पिच्छा सोडेना, म्हणून वाचत गेले. त्यातलं काही इथे सांगते.

पहिली अडचण भाषेची. इंग्रजीत 'ईव्हिल' म्हटलं की खूनही आला आणि भूकंपही आला. मराठीत तसा शब्दच सापडत नाही. माणूस दुष्ट असतो, भूकंप दुष्ट नसतो. भूकंप म्हणजे अरिष्ट, संकट, फार तर कोप. आणि हा फरक कामाचा आहे. शाळेत मॉरल सायन्सच्या तासाला सिस्टर सांगायच्या की देवाने माणसाला फ्री विल दिली. रोबो बनवले असते तर पाप झालं नसतं, पण मग प्रेमही झालं नसतं. ख्रिस्ती परंपरेतलं हे जुनं उत्तर आहे, चौथ्या-पाचव्या शतकातल्या संत ऑगस्टीनपासूनचं. चोरी, युद्ध, रॅगिंग यांना ते चपखल बसतं. पण जमिनीखालच्या खडकाला कुठली आलीय फ्री विल?

लाइब्निझचं उत्तर मला ओळखीचं वाटलं, कारण ते चक्क ऑप्टिमायझेशन आहे. देवासमोर शक्य असलेली असंख्य जगं होती. तो सर्वज्ञ, म्हणून सगळी त्याला माहीत. तो चांगला, म्हणून त्याने त्यातलं सर्वोत्तम निवडलं. म्हणजे आपलं हे. यातलं एखादं दुःख काढायला जाल तर दुसरीकडे जास्त काहीतरी बिघडेल. गणित म्हणून छान आहे. सोल्यूशन कुणीच तपासू शकत नाही, एवढंच.

तपासायची वेळ त्याच्या मृत्यूनंतर आली. १ नोव्हेंबर १७५५, पोर्तुगालची राजधानी लिस्बन. ख्रिस्ती लोकांचा ऑल सेंट्स डे, सकाळची वेळ, चर्च भरलेली. भूकंप झाला, भरल्या चर्चवर छतं कोसळली, मग समुद्र आत आला आणि मग शहर कित्येक दिवस जळत राहिलं. आगीला वेदीवरच्या मेणबत्त्यांचाही हातभार होता. सणाचा दिवस, देवाच्या दारी आलेली माणसं. किल्लारीचं विसर्जन आठवून मला ते पान पुढे वाचवेना. व्हॉल्टेअर या फ्रेंच लेखकाने आधी यावर एक संतापलेली कविता लिहिली आणि १७५९ मध्ये 'कांदीद' लिहून 'सर्वोत्तम जग' म्हणणाऱ्यांची रेवडी उडवली. तिकडे मालाग्रिदा नावाचा एक जेझुइट धर्मगुरू लिस्बनमध्ये छापून सांगत होता की ही तुमच्या पापांची शिक्षा आहे, घरं बांधत बसू नका, प्रायश्चित्त करा. शहर पुन्हा उभं करायला निघालेल्या मंत्र्याने, पोंबालने, त्याला शहराबाहेर काढलं.

आता आपल्याकडे या. देव पक्षपाती आणि निर्दय ठरतो, हा आक्षेप आपल्या लोकांना सुचला नव्हता असं नाही. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात तो सरळ मांडलाय. शंकराचार्य त्यावर पावसाची उपमा देतात. पाऊस सगळ्यांवर सारखाच पडतो, पण बी भाताचं असेल तर भात येतो आणि जवाचं असेल तर जव. ईश्वर म्हणजे पाऊस आणि बी म्हणजे ज्याचं त्याचं कर्म. मग पहिलं कर्म कुठून आलं? तर संसार अनादी आहे, त्याला सुरुवातच नाही. कॉम्प्युटरवाल्यांनी बघा, बेस केस नसलेलं रिकर्शन. मला हे लाइब्निझपेक्षा जास्त भक्कम वाटतं, कारण यात देवावर काही येतच नाही.

पण ते आजीला सांगून बघा. मी सांगितलं होतं, अकरावीत, फार शहाणपणाने. आजी भाकरी थापत होती. थापता थापता थांबली आणि म्हणाली, "म्हंजी माझं लेकरू मागल्या जल्मी वाईट व्हतं म्हण." मी नंतर ते कधी बोलले नाही.

इस्लामी परंपरेत याच जागी एक जबरदस्त गोष्ट आहे. दहाव्या शतकाच्या सुरुवातीची, इराकमधल्या बसऱ्याची. तिथे मुअतझिला पंथाचे विद्वान म्हणायचे की माणूस स्वतंत्र आहे आणि देव न्यायीच असतो, तो प्रत्येकाचं भलंच करतो. त्यातल्या जुब्बाई नावाच्या गुरूला त्याचा शिष्य अश्अरी याने विचारलं असं सांगतात: तीन भाऊ आहेत, एक पुण्यवान, एक पापी, एक लहानपणीच वारलेला. त्यांचं पुढे काय? गुरू म्हणाला, पहिला स्वर्गात वरच्या पायरीवर, दुसरा नरकात, आणि लहानग्याला शिक्षा नाही, पण वरची पायरीही नाही. मूल म्हणेल, मला का मोठं होऊ दिलं नाहीस, मीही पुण्य केलं असतं. देव म्हणेल, तू मोठा होऊन पाप करणार हे मला दिसत होतं, तुझ्या भल्यासाठीच लवकर नेलं. तेवढ्यात नरकातला भाऊ ओरडेल, मग मलाही लहानपणीच का नाही नेलंस? यावर गुरू गप्प झाला. अश्अरीने पंथ सोडला आणि पुढे आपला वेगळा पंथ काढला. त्यात देवाला 'असंच कर' असं कुणी बांधूच शकत नाही. गोष्ट इतकी सोपी आहे की मेसच्या टेबलावर दोन मिनिटांत सांगता येते. मी सांगितली, तर आमच्या टेबलावर भात गार झाला.

आपल्या देशातही भूकंपावरून मोठा वाद झालाय, आणि तोही दोन मोठ्या माणसांत. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये भूकंप झाला. गांधीजी म्हणाले, ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे. हेतू चांगला होता यात शंकाच नाही. पण रवींद्रनाथ टागोरांनी जाहीर विरोध केला: भूकंपाची कारणं भौतिकच असतात, आणि असा तर्क धरला तर सनातनी लोकही म्हणतील की भूकंप गांधींच्या चळवळीमुळेच झाला. गांधीजींनी तो विरोध आपल्या 'हरिजन' साप्ताहिकात छापला आणि उत्तरही दिलं, मत मात्र बदललं नाही. माझं मत टागोरांच्या बाजूने. शिक्षा म्हणावी तर अस्पृश्यांच्या झोपड्याही पडल्याच होत्या ना.

बायबलमधला जोबही असाच. पोरंबाळं, गुरंढोरं सगळं जातं, अंगभर फोड येतात, आणि मित्र येऊन समजावतात की तू काहीतरी पाप केलंच असशील. शेवटी देव बोलतो, पण 'का' ते सांगतच नाही. फक्त एक गोष्ट स्पष्ट करतो, की तुझे ते मित्र चुकीचं बोलले. शाळेत हे शिकताना सिस्टर या मित्रांवरून घाईने पुढे गेल्या होत्या. मला आता तोच भाग महत्त्वाचा वाटतो. अकरावीतली मी म्हणजे जोबचा मित्रच की.

आणि सिव्हिलवाली म्हणून एक. व्हॉल्टेअरच्या कवितेला रूसोने १७५६ साली पत्राने उत्तर दिलं. त्यात तो म्हणतो की सहा-सात मजली वीस हजार घरं तिथे दाटीवाटीने काही निसर्गाने नव्हती बांधली. हे वाचल्यावर मी आजीला जुन्या घराबद्दल विचारलं. दोन-अडीच फूट जाड दगडमातीच्या भिंती, दोन बाजूंना बांधून घेणारे लांब दगड मध्ये नाहीत, वर माळवद. गळू नये म्हणून दरवर्षी वर आणखी माती. उन्हाळ्यात गारेगार घर. पण छताचं वजन जेवढं जास्त तेवढा भूकंपाचा जोर जास्त, हे आम्ही पेपरात लिहितो. त्यावेळच्या नकाशात तो भाग झोन १ मध्ये होता, सगळ्यात कमी धोक्याच्या. २००२ च्या आयएस १८९३ मध्ये झोन १ काढूनच टाकला आणि किल्लारी झोन ३ मध्ये गेली.

हे मी दिवाळीत आजीला सांगितलं, या वेळी हळू आवाजात. तिने सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी लेकरू गेल्यावर नकाशा बदलला," ती म्हणाली.

मी हो म्हटलं. तिने बाज ओढत अंगणात नेली. पुनर्वसनातलं घर पक्कं आहे, पण पाऊस नसेल तर ती बाहेरच झोपते. मी पण बाहेरच झोपले. डास फार होते.