नोंद उसाची आणि नोंद बाळंतिणीची



या पानावर एरवी आम्ही बेणेप्रक्रिया, खोडव्याची निगा, हुमणी, पाचट असल्या विषयांवर लिहितो. यावेळचा विषय निराळा आहे. काही मंडळी म्हणतील, शेतकी खात्याला हा उद्योग कुणी सांगितला? तो एका फडानेच सांगितला.

२०२४ च्या जानेवारीतली गोष्ट. एका सभासदाच्या आडसाली उसाला तोड चालू होती. सकाळी सहाला आम्ही फडावर पोचलो. टोळी बीडकडची. नऊ कोयत्यांपैकी आठच फडात दिसले. आम्ही मुकादमाला पहिला प्रश्न केला तो असा, की एक कोयता कमी कसा, आज गाडी भरणार का? मुकादम म्हणाला, "सायेब, त्यांची बाई रातीच मोकळी झाली. कोपीतच." बाळंतिणीची विचारपूस आमच्या तोंडी दुसऱ्यांदा आली, आधी टनेज आले. लिहायला बरे वाटत नाही, पण घडले ते असे.

कोपीपाशी गेलो. पोरगी पहिलटकरीण, जेमतेम एकोणीस-वीसची. नवरा दाराशी उकिडवा बसलेला. त्याला विचारले, दवाखान्यात का नेले नाही? तो म्हणाला, "कुनाला इचारायचं? हितं आपल्या वळखीचं कोन हाय?" गावाकडे तिची नोंद झाली होती, कार्डही मिळाले होते. ते कार्ड सासूच्या ट्रंकेत, गावी. सात महिन्यांची असताना ती फडावर आली आणि आल्यापासून एकदाही तपासणी नाही. आदल्या दिवसापर्यंत डोक्यावर मोळ्या वाहत होती. एक दिवस बसले तर खाडा, आणि घेतलेली उचल तर फेडायचीच.

त्या सभासदाच्या मंडळींनी मात्र आमच्या आधी काम केले होते. पाणी तापवून दिले आणि गावातल्या आशाताईंना बोलावणे धाडले. ताई आल्या, झोळीच्या काट्याला बाळ तोलले : दोन किलो शंभर ग्रॅम. पाय गार लागत होते. ताईंनी बाळ आईच्या उघड्या छातीला लावून वरून गोधडी घातली आणि गाडीसाठी फोन केला. जिथे प्रथम नेले तिथे ऐकावे लागले, "यांचं कार्ड इथलं नाही, यांच्या जिल्ह्यात जा." आशाताई हटल्या नाहीत. शेवटी बाळ नवजात शिशु कक्षात दाखल झाले, आणि वाचले.

कार्ड इथले नाही म्हणून परत धाडण्याला काही आधार नाही, हे आम्हांला नंतर कळले. २०११ साली सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाप्रमाणे कोणत्याही सरकारी दवाखान्यात बाळंतपण, लागले तर सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त, जेवण आणि नेण्या-आणण्याची गाडी हे सारे मोफत आहे. जेवण साध्या बाळंतपणाला तीन दिवस, सिझेरियनला सात दिवस. आजारी बाळाचे उपचारही मोफत, आणि २०१४ पासून ही सोय वर्षाच्या मुलापर्यंत वाढविली आहे. बाई बीडची असो की आपल्या गावची. गाडीसाठी १०२, आणि जिवावरचा प्रसंग असेल तर १०८.

आता कुणी म्हणेल, ही टोळीवाल्यांची गोष्ट झाली, आमच्या घरी असे होत नाही. होते हो. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी. सून सातव्या महिन्यात ओटी भरून माहेरी जाते. नोंद सासरच्या गावी, बाळंतपण माहेरच्या तालुक्यात, बाळाला पहिली लस तिथे, आणि सव्वा-दीड महिन्याने बाळंतीण परत सासरी. मधल्या मध्ये सासरची आशा म्हणते माहेरी नोंद असेल, माहेरची म्हणते सासरी असेल. आमच्याच घरात हे झाले आहे. आमच्या थोरलीच्या वेळी दीड महिन्याचा डोस हुकला आणि आम्ही दोघे एकमेकांकडे बघत राहिलो. आम्ही त्या दिवसांत लागणीच्या नोंदी तपासत फिरत होतो, हे विशेष.

सभासद बंधूंचे नोंदीच्या बाबतीतले लक्ष आम्ही रोज पाहतो. लागणीची तारीख आठ दिवस मागेपुढे लागली तरी गट ऑफिसला दोन चकरा होतात, चिटबॉयची हजेरी घेतली जाते. आणि ते बरोबरच आहे, कारण त्या तारखेवर तोड ठरते. बाळंतिणीच्या कार्डावरही तारखाच असतात. ते कार्ड, म्हणजे माता व बाल संरक्षण कार्ड, सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवू नका. ती जाईल तिथे तिच्याबरोबर जाऊ द्या. सोबत आधार आणि बँकेचे पासबुक. कार्डावर आरसीएच नोंदणीचा आकडा असतो, तो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये लिहून ठेवा. कार्ड हरवले तरी तो आकडा सांगितला की पुढचे काम सोपे जाते.

नोंद करायची ती बारा आठवड्यांच्या आत, आशाताईंकडे किंवा उपकेंद्राच्या नर्सबाईंकडे. पुढे किमान चार तपासण्या. त्यातली एक तरी डॉक्टरकडून व्हावी म्हणून २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी होते. रक्त, लघवी, रक्तदाब सगळे पाहतात. लोहाच्या गोळ्या चौथ्या महिन्यापासून १८० दिवस आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस. या गोळीवर चहा घेऊ नये, चहाने लोह अंगी लागत नाही. शौचास काळे होते म्हणून पुष्कळजणी गोळ्या फेकून देतात. काळे होणारच, त्यात भिण्यासारखे काही नाही.

खाजगी दवाखान्यात जाणाऱ्यांनीसुद्धा गावात नोंद करावी. प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेचे पैसे दवाखाना सरकारी की खाजगी यावर अवलंबून नाहीत. पहिल्या अपत्याला ५,००० रुपये, दोन हप्त्यांत : नोंद व एक तपासणी झाल्यावर ३,०००, आणि बाळाचा जन्मदाखला व साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसी झाल्यावर २,०००. दुसरी मुलगी झाली तर एकरकमी ६,०००. घरचे उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत असेल, किंवा ई-श्रम कार्ड, रोजगार हमीचे जॉबकार्ड, पिवळे रेशनकार्ड यांपैकी काही असेल, तर अर्ज करता येतो. पैसे बाईच्याच आधार जोडलेल्या खात्यावर येतात, सासऱ्याच्या नाही. आपल्याकडे पुष्कळ सुनांचे खाते फक्त पतसंस्थेत असते. तेव्हा बँकेत किंवा पोस्टात खाते आधीच काढून ठेवावे.

अंगणवाडीचे नाव घेतले की आपल्याला खिचडी आठवते. परंतु १९७५ साली ही योजना निघाली तेव्हापासून गरोदर व स्तनदा माता तिच्यात आहेत. शिधा बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत मिळतो. फडावरच्या बाईलाही जवळच्या अंगणवाडीत नाव घालता येते. तळावर कुणी बाई पोटुशी असेल तर शेजारच्या सभासदाने सेविकेला एवढे कळवावे. त्याला फार तर पाच मिनिटे लागतात.

बाळ घरी आल्यावर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येतात. घरी बाळंतपण झाले तर पहिल्या दिवशीही. ही पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी गावच्या बायांना शिकवून उभी केली आणि मग ती देशभर गेली, म्हणजे आपल्याच राज्याचे बेणे आहे. ताईंना दारातून परत पाठवू नका. "बाळंतिणीच्या खोलीत परकं माणूस नको" म्हणणाऱ्या म्हाताऱ्या आम्ही पाहिल्या आहेत. त्यांना समजावून सांगायचे काम मुलाने करावे, सुनेवर टाकू नये. बाळ अंगावर ओढत नसेल, अंग गार किंवा फार तापलेले असेल, श्वास भरभर चालत असेल, छाती आत ओढली जात असेल, झटके येत असतील, तर उद्यावर न ढकलता लगेच न्यावे. आईला जादा रक्तस्राव, ताप, झटके किंवा डोळ्यांपुढे अंधारी व डोके फार दुखणे असेल तरीही तसेच.

आणखी एक गोष्ट कुणी बोलत नाही. बाळंतिणीला उगाच रडू येते, झोप लागत नाही, बाळाजवळ जावेसे वाटत नाही. पहिल्या आठवड्यात थोडे होते आणि जाते. दोन आठवड्यांनंतरही राहिले तर ती नाटके नव्हेत, दुखणे आहे. १४४१६ या टेलि-मानसच्या क्रमांकावर मराठीत बोलता येते, दिवसा-रात्री, पैसे पडत नाहीत. नवऱ्यानेही फोन करायला हरकत नाही.

गेल्या हंगामापासून आम्ही गट ऑफिसच्या टोळीवार यादीत एक रकाना वाढविला आहे : गरोदर किंवा तान्हे बाळ असलेल्या बाया. टोळी तळावर उतरली की चिटबॉय मुकादमाला विचारतो आणि यादी त्याच दिवशी त्या गावच्या आशाताईंकडे देतो. काही मुकादम सांगत नाहीत, कोयता कमी पडेल ही भीती. अशा ठिकाणी सभासदांच्या घरातल्या बायांचा उपयोग होतो, कारण पाण्याला, दळणाला त्या बाया आपल्याच दारात येतात. कामगाराजवळ ऊसतोड कामगार महामंडळाचे ओळखपत्र नसेल तर ते त्याच्या गावचे ग्रामसेवक देतात, हेही सांगून ठेवावे.

ती बीडची टोळी पुढच्या हंगामालाही आपल्याच गटात होती. पोरगीचा नवरा ट्रॅक्टरमधून उतरला तो आधी आमच्याकडे आला. प्लॅस्टिकच्या पिशवीत कार्ड होते, खताच्या पिशवीच्या सुतळीने बांधलेले. नऊ महिन्यांची लस गावाकडे निघण्याच्या गडबडीत राहिली होती. त्याने विचारले, "सायेब, हितं सुई कोनत्या वारी असती?" वार आम्हांला ठाऊक नव्हता. चिटबॉयला ठाऊक होता.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग